मुलाखतींत अपयश सांगतांना



नोव्हेंबरच्या अखेरीस ‘कॅट’ची परीक्षा होते, नव्या वर्षाच्या सुमारास तिचा निकाल हातीं येतो, आणि फेब्रुवारी उजाडला कीं कित्येक सुशिक्षित घरांतून मुलाखतीची तयारी सुरू होते. नवा सदरा शिवून येतो, वर्तमानपत्रांतील अर्थविषयक पान घरांत प्रथमच कोणी तरी मन लावून वाचूं लागतें, आणि रात्रीच्या जेवणानंतर वडील स्वतः परीक्षक होऊन चिरंजिवांस प्रश्न विचारतात. ‘एम्. बी. ए. कशासाठीं करावयाचें?’, ‘पांच वर्षांनीं आपण कोठें असाल?’ येथपर्यंत सारें सुरळीत चालतें. पुढें मात्र एक प्रश्न असा येतो कीं, विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेहि अडखळतात. ‘आपल्या नोकरींत किंवा धंद्यांत आलेलें एखादें अपयश सांगा.’ मुलगा आईकडे पाहतो. आई म्हणते, ‘त्या पहिल्या नोकरीचें नको रे सांगूस.’ वडील म्हणतात, ‘सांग, पण जरा फिरवून सांग.’ आज मला मिळालेल्या वेळांत मी या एकाच प्रश्नाविषयीं बोलणार आहें.

ज्या संस्थांच्या मुलाखतींत हा प्रश्न विचारला जातो, त्या आपल्या देशांत फार जुन्या नाहींत. अहमदाबाद आणि कलकत्ता येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९६१ सालीं निघाल्या. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ सालची. पवईस १९६३ सालीं निघालेली औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था २०२३ सालीं आय. आय. एम. मुंबई झाली, नागपुरास अशी संस्था २०१५ पासून आहे. पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी तेथें येतात, त्याचप्रमाणें चार-सहा वर्षें नोकरी केलेलेहि येतात. हैदराबादेस २००१ सालीं सुरू झालेली इंडियन स्कूल ऑफ बिझनेस किंवा अहमदाबादेचा २००६ पासूनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तर मुख्यतः अशा अनुभवी माणसांसाठींच आहे. ज्यानें चार-सहा वर्षें काम केलें त्याला कोठें तरी ठेंच लागलेली असणारच, हें समोर बसलेल्या परीक्षकांस पुरतें ठाऊक असतें. म्हणून ‘मला अपयश असें आलेंच नाहीं’ हें उत्तर ऐकून त्यांना आनंद होत नाहीं. या गृहस्थानें अवघड काम अंगावर घेतलेंच नाहीं, अथवा घेतलें तें विसरला, एवढाच अर्थ ते काढतात.

पण हा प्रश्न विचारावयाचाच कशाला, अशी शंका आपल्या मनांत येईल. परीक्षेचे गुण समोर आहेत, पदवी समोर आहे. मग माणसाची दुखरी जागा दाबून पाहण्यांत काय हंशील? याचें उत्तर या संस्थांच्या शिकविण्याच्या रीतींत आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचें व्यवसाय-विद्यालय १९०८ सालीं निघालें आणि १९२० नंतरच्या वर्षांत त्यानें खऱ्याखुऱ्या धंद्यांतील प्रकरणें वर्गापुढें ठेवून शिकविण्याची पद्धत रूढ केली. अहमदाबादची संस्था आरंभीं हार्वर्डच्याच सहकार्यानें उभी राहिली आणि ती पद्धत तिनें उचलली. अशा प्रकरणांत बहुधा कोणी तरी व्यवस्थापक अडचणींत सांपडलेला असतो. माल पडून आहे, कामगार नाराज आहेत, कर्जाचा हप्ता जवळ आला आहे. काय घडलें, कां घडलें, कोणाच्या हातांत काय होतें, हें साठ-सत्तर विद्यार्थी मिळून उलगडतात. आतां ज्याला स्वतःच्याच अडचणीचें प्रकरण नीट मांडतां येत नाहीं, तो दुसऱ्याचें काय मांडणार? अपयशाचा प्रश्न म्हणजे त्या वर्गाची पहिली तासिकाच होय, आणि त्या दिवशींचें प्रकरण उमेदवारानें स्वतः आणावयाचें असतें.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसून हीं उत्तरें ऐकण्याचा प्रसंग मला बरींच वर्षें आला. उमेदवार पुष्कळ, पण चुकण्याच्या वाटा थोड्या. पहिली वाट गुणाला दोषाचे कपडे चढविण्याची. ‘मी फार काटेकोर आहें, म्हणून कामास वेळ लागतो’. ‘मी सहकाऱ्यांसाठीं इतका राबतों कीं प्रकृतीकडे दुर्लक्ष होतें.’ हें उत्तर शिकवणीच्या वर्गांतून इतक्या जणांनीं पाठ करून आणलेलें असतें कीं, पहिले चार शब्द कानीं पडतांच परीक्षकाची लेखणी खालीं ठेवली जाते. दुसरी वाट वरिष्ठाच्या माथीं खापर फोडण्याची. वरिष्ठ खरोखरच वाईट असूं शकतो. पण अर्ध्या तासाच्या भेटींत परीक्षकाला तो दिसत नाहीं, दिसतो तो तक्रार करणारा. तिसरी वाट याच्या अगदीं उलट. सर्व दोष आपल्यावर ओढून घेऊन डोळ्यांत पाणी आणण्याची. ऐकणाऱ्याला वाईट वाटतें, परंतु काय घडलें तें मात्र कळत नाहीं.

यांपैकीं एका वाटेनें मी स्वतः गेलों होतों. ती हकीकत सांगतों, म्हणजे मी उपदेश करावयास बसलों आहें असें आपणांस वाटणार नाहीं.

तरुणपणीं मी पंप बनविणाऱ्या एका कारखान्यांत खरेदी विभागांत नोकरीस होतों. पंपांना लागणारे बिडाचे ओतीव भाग आम्ही बाहेरच्या एका फौंड्रीकडून घेत असूं. पहिला नमुना तपासून त्याचा अहवाल येईपर्यंत पुढची मागणी नोंदवावयाची नाहीं, असा नियम होता. मार्चअखेर जवळ आली होती, वरून घाई होत होती, आणि अहवाल हातीं येण्यापूर्वींच मीं दोनशें नगांची मागणी पक्की करून टाकली. माल आला, लेथवर चढला, आणि वरचा थर निघतांच आंतून हवेचीं छिद्रें दिसूं लागलीं. कारखान्यांत त्यांना ब्लो-होल म्हणतात. जवळजवळ सारा माल परत पाठवावा लागला आणि जोडणीचें काम अकरा दिवस बंद पडलें. माझी बदली भांडारांत झाली. पांच महिने तेथें नट-बोल्ट मोजून मीं राजीनामा दिला आणि व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठीं अर्ज केला.

मुलाखतींत नोकरी सोडण्याचें कारण विचारलें गेलें. ‘व्यापक अनुभवासाठीं’, असें मीं ऐटींत सांगितलें. समोर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनीं माझ्या प्रमाणपत्रावरून बोट फिरवीत शांतपणें विचारलें, ‘खरेदींतून आपण भांडारांत गेलां. यांत अनुभव व्यापक कसा झाला?’ मला उत्तर सुचलें नाहीं. मीं कांहीं तरी जुळविलें, तें आधींच्या वाक्याशीं जुळेना. तें सांवरावयास आणखी कांहीं जुळविलें. दहा मिनिटांत माझी सारी नोकरीच खोटी असावी अशी माझी मलाच शंका येऊं लागली. त्या वर्षीं प्रवेश मिळाला नाहीं, हें सांगावयास नकोच.

पुढच्या वर्षीं पुन्हां अर्ज केला, आणि योगायोगानें तेच वृद्ध गृहस्थ पुन्हां समोर आले. या खेपेस मीं सर्व सरळ सांगितलें. नियम कोणता होता, तो मीं कसा मोडला, माल कसा परत गेला. माझा धडा पाठ होता. त्यांनीं विचारलें, ‘अकरा दिवस काम बंद राहिलें. नुकसान कोणाचें झालें?’ मी म्हणालों, ‘कंपनीचें.’ ते म्हणाले, ‘आणखी कोणाचें?’ तेव्हां मला बोलावें लागलें कीं, जोडणीच्या कामावर चौदा माणसें रोजंदारीवर होतीं आणि त्या अकरा दिवसांची त्यांची मजुरी बुडाली. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असें नाहीं. वर्षभर मीं माझ्या अपयशाची हकीकत मनांत घोळविली होती, पण तींत तीं चौदा माणसें एकदांहि आलीं नव्हतीं. त्या वर्षीं मला प्रवेश मिळाला. तो या उत्तरामुळें मिळाला असें मी म्हणणार नाहीं. माझे परीक्षेचे गुणहि त्या खेपेस बरे होते. परंतु अपयश सांगणें म्हणजे काय, तें मला त्या दिवशीं थोडें कळलें.

अपयश सांगणें हें कबुलीजबाब देणें नव्हे आणि नशिबाची कहाणी सांगणेंहि नव्हे. तो एक हिशेब आहे. घरखर्चाच्या वहींत जसें आपण किती आले, कोठें गेले, बाकी काय राहिली हें मांडतों, तसाच तो मांडावयाचा असतो. त्यांत चार नोंदी हव्यात. काय घडलें, त्यांत माझ्या हातांत काय होतें व काय नव्हतें, त्याची किंमत कोणी दिली, आणि आज मी काय निराळें करतों. पहिली नोंद दोन-तीन वाक्यांत संपावी. सालें, आंकडे, आपलें पद, एवढें स्वच्छ सांगितलें कीं पुरे. पुष्कळ उमेदवार पूर्वपीठिका सांगण्यांतच आपली अर्धी वेळ घालवितात, आणि मुख्य गोष्टीपाशीं पोहोंचतात तों पुढचा प्रश्न आलेला असतो.

दुसरी नोंद सर्वांत अवघड. ती समजावी म्हणून मी आपणांस लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण देतों. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हां त्यांना डावलून ती जागा दुसऱ्यास देण्यांत आली, आणि त्यांनीं नोकरी सोडून बेळगांव गांठलें. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां तो घ्यावयास कोणी पुढें येईना. लोखंडानें जमिनींत विष पसरतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. आतां हीं दोन्ही अपयशेंच. पण दोहोंची जात निराळी आहे. बढती न मिळणें हा अन्याय होता. त्यांत लक्ष्मणरावांच्या हातीं कांहीं नव्हतें. एका वाक्यांत सांगून पुढें जावें अशी ती गोष्ट. न खपलेला नांगर मात्र त्यांच्या अंगणांत उभा होता. शेतकऱ्याची भीति घालविणें हें विकणाऱ्याचेंच काम, आणि तें त्यांनीं चिकाटीनें केलें म्हणून १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहूं शकली. मुलाखतीस जाणारे आपले तरुण नेमकें उलटें करतात. हुकलेल्या बढतीवर दहा वाक्यें बोलतात, आणि न खपलेल्या नांगराचा उल्लेखहि करीत नाहींत.

नोकरी गेलेल्यांच्या बाबतींत हा फरक फार महत्त्वाचा आहे. एप्रिल २०१९ मध्यें जेट एअरवेजचीं विमानें एकाएकीं जमिनीवर राहिलीं. २०२० सालीं महामारींत हॉटेलें व प्रवासाचे धंदे बसले. २०२२ आणि २०२३ सालीं संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्यांनीं हजारों माणसें कमी केलीं. अशा वेळीं ज्याची नोकरी गेली त्यानें लाज वाटून घेण्याचें कारण नाहीं, आणि ‘मींच सोडली’ असें सांगण्याचें तर मुळींच नाहीं. कित्येक संस्था उमेदवारांची माहिती पडताळून पाहतात. नोकरीवरून मुक्त केल्याचें पत्र असतें, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींत नोकरी लागल्याची व सुटल्याची तारीख असते. एका तारखेसाठीं सगळ्या अर्जावरचा विश्वास गमावणें हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. ‘अमुक महिन्यांत आमचा विभाग बंद झाला, त्यांत माझी जागा गेली’, एवढें सांगावें. परीक्षकाला पुढें ऐकावयाचें असतें तें निराळेंच. त्यानंतरच्या आठ महिन्यांत आपण काय केलें?

हाच प्रश्न स्पर्धा-परीक्षांच्या उमेदवारांपुढेंहि असतो. पुण्याच्या पेठांतून खोल्या घेऊन तीन-तीन, चार-चार वर्षें लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण आपण पाहतोंच. निवड न झाल्यावर ते व्यवस्थापनाकडे वळतात, आणि तीं वर्षें अर्जांत कशीं दाखवावीं या विवंचनेंत पडतात. कोणी मामाच्या दुकानांत काम केल्याचें लिहितो, कोणी कागदावर एखादी सल्लागार संस्था काढतो. माझें त्यांना कळकळीचें सांगणें आहे कीं असें करूं नये. ‘तीन वेळां प्रयत्न केला, दोनदां मुख्य परीक्षेपर्यंत पोहोंचलों, चौथ्यांदा बसावयाचें नाहीं असें ठरविलें’, यांत लपविण्यासारखें काय आहे? उलट कोठें थांबावें हें कसें ठरविलें, घरच्यांशीं काय बोलणें झालें, पैशाची व्यवस्था काय केली, हें नीट सांगितलें तर तो व्यवस्थापनाचाच एक निर्णय ठरतो. आजारपणामुळें, बाळंतपणामुळें किंवा घरांतील वृद्धांच्या शुश्रूषेमुळें ज्यांची नोकरी सुटली त्यांना तर अपयशाच्या रकान्यांत बसविणेंच चूक. त्यांनीं कारण एका वाक्यांत सांगावें. दुखण्याचे तपशील देण्यास त्या बांधलेल्या नाहींत, आणि परीक्षकानें ते खोदून विचारूं नयेत.

स्वतःचा धंदा बुडालेल्यांस मात्र थोडें अधिक बोलावें लागतें. तेथें तिसरी नोंद, म्हणजे किंमत कोणी दिली ही, टाळतां येत नाहीं. भांडवल कोणाचें होतें? पुरवठादारांचीं देणीं फेडलीं कीं राहिलीं? हाताखालच्या माणसांना शेवटचा पगार मिळाला काय? ‘या अनुभवांतून मी खूप शिकलों’ असें म्हणणाऱ्याच्या शिक्षणाची फी जर दुसऱ्यानें भरली असेल, तर तें त्यानें सांगितलें पाहिजे. एका तरुणीनें एकदां आमच्यापुढें सांगितलें होतें कीं, तिनें घरगुती डबे पुरविण्याचा व्यवसाय चौदा महिने चालवून बंद केला, आणि भाजीवाल्याचे राहिलेले पैसे ती पुढच्या नोकरीच्या पगारांतून फेडीत होती. दोन हप्ते अजून बाकी होते. ते दोन हप्ते तिनें सहज चुकवून सांगितले असते तरी आम्हांला कळलें नसतें. पण ती सांगत होती तेव्हां खोलींत कोणी कागद चाळला नाहीं.

चौथ्या नोंदीस पुरावा लागतो. ‘मी आतां सावध झालों आहें’ हें कोणीहि म्हणेल. ‘आतां नमुन्याच्या अहवालावर माझ्याखेरीज दुसऱ्या एकाची सही असल्याशिवाय मी मागणी पाठवीत नाहीं’, हें ज्यानें केलें तोच म्हणूं शकतो. धडा लहान असला तरी चालेल. तो अमलांत आलेला असावा.

कोणी विचारील, इतकें सारें उघडें करावयाचें म्हणजे मर्यादा ती कोणती? मर्यादा आहे. आपल्या कंपनीचीं गुपितें, सहकाऱ्याचा खाजगी दोष, वरिष्ठाचें नांव, हें आपल्या मालकीचें नव्हे; तें टेबलावर ठेवूं नये. आणि आपली हकीकत खरी उतरली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मी एक साधी कसोटी सुचवितों. आपण बोलत असतांना त्या वेळचे आपले वरिष्ठ किंवा बरोबरचा सहकारी शेजारच्या खोलींत बसून ऐकत आहे असें समजा. त्याला सगळें आवडेल असें नाहीं. पण ‘होय, घडलें तें असेंच’, एवढें तो म्हणेल काय? म्हणेल, तर निश्चिंत मनानें आंत जावें. शक्य असेल तर अशा एखाद्या सहकाऱ्यालाच ती हकीकत आधीं सांगून पाहावी. आरशापुढें दहा वेळां म्हणून दाखविण्यापेक्षां तें एकदां ऐकविणें अधिक कामाचें आहे.

शेवटीं एक शब्द आईवडिलांशीं. ज्या घरांत मुलाची नोकरी गेल्याची गोष्ट शेजाऱ्यांपासून लपविली जाते, पाहुणे आले कीं विषय बदलला जातो, त्या घरांतला मुलगा तीन परक्या माणसांपुढें ती सरळ कशी सांगूं शकेल? त्याला फिरवून सांगण्याची युक्ति आपणच शिकवितों, आणि मग मुलाखतींत तो अडखळला म्हणून आपणच हळहळतों. रात्रीच्या जेवणानंतर आपण परीक्षक होऊन बसाल तेव्हां, आपल्या स्वतःच्या नोकरींतली एखादी चूक आधीं त्याला सांगा. त्यानें ती पूर्वीं कधीं ऐकलेली नसेल.

खरें सांगितल्यानें प्रवेश मिळतोच, असें आश्वासन मी देत नाहीं. जागा थोड्या असतात, आणि परीक्षकहि माणसेंच असतात, ते चुकतात. परंतु मुलाखत अर्ध्या तासांत संपते, आणि हिशेब आपल्याजवळ राहतो. त्या वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलेला प्रश्न मीं पुढें शेंकडों उमेदवारांस विचारला. ‘नुकसान कोणाचें झालें?’ पुष्कळांनीं माझ्यासारखेंच ‘कंपनीचें’ असें उत्तर दिलें. आणि ‘आणखी कोणाचें?’ असें मी विचारीत असें, तेव्हां दर वेळीं तीं चौदा माणसें माझ्या डोळ्यांपुढें उभीं राहत. त्यांची मजुरी मीं कधीं भरून दिली नाहीं. माझ्या हिशेबांतली ती बाकी अजून तशीच आहे, आणि म्हणूनच ती आज आपणांस सांगितली.